रात्रीला ढोली हवी: ग्रीन वुडहूपूच्या गोतावळ्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "केनियात नैवाशा सरोवराकाठी दोन दिवस राहिलो. लॉजच्या आवारातल्या पिवळ्या खोडाच्या झाडांवर सहा-सात काळसर पक्षी आले. शेपटी भलतीच लांब, चोच लाल आणि बाकदार. एकाएकी सगळे मिळून खिदळल्यासारखे ओरडायला लागले आणि पुढेमागे झुलू लागले. एकाच्या चोचीत सालीचा तुकडा होता, तो त्याने शेजारच्याला दिला. हा विणीचा नाच होता का? दुसऱ्या दिवशी एका भोकापाशी निदान चार वेगवेगळे पक्षी खाऊ घेऊन येताना दिसले. मग त्यातले आईबाप कोणते? आणि आमचा ड्रायव्हर म्हणाला की या पक्ष्याला घाण वास येतो, ते खरं का?"

तुम्ही पाहिलात तो ग्रीन वुडहूपू. जुन्या पुस्तकांत तो रेड-बिल्ड वुडहूपू या नावाने सापडेल. नैरोबीत राहून मी गेली अठरा वर्षं पक्षी दाखवायच्या सहली नेते. त्यात जास्तीत जास्त तास कोणत्या एका पक्ष्यामागे घालवले असतील तर ते याच्याच. सिंह-हत्ती बघायला आलेली मंडळी याच्याकडे पाठ फिरवतात याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही थांबून बघितलंत आणि बारकाईने बघितलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचे तिन्ही प्रश्न दिसायला वेगवेगळे आहेत, पण शेवटी ते एकाच जागी येऊन मिळतात. ती जागा म्हणजे झाडाची ढोली.

आधी ओळख पक्की करून घेऊ. सावलीत हा पक्षी साफ काळा दिसतो. ऊन अंगावर पडलं की मान आणि छाती बाटलीच्या काचेसारखी हिरवी चमकते, पाठीवर निळसर झाक येते आणि शेपटीवर जांभळी. पंखांवर पांढरा पट्टा असतो, तो बसलेला असताना नीट दिसत नाही. उडताना मात्र लख्ख दिसतो. शेपटीच्या पिसांच्या टोकांजवळही पांढरे ठिपके असतात. चोचीपासून शेपटीपर्यंत लांबी साधारण ३२ ते ३७ सेंटीमीटर भरते, पण त्यातला मोठा हिस्सा शेपटीचाच. अंगाने तो आपल्या साळुंकीपेक्षाही हलका असतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका पक्ष्याची चोच काळपट दिसते. ती वेगळी जात नाही, ते त्याच घरातलं अलीकडे ढोलीबाहेर पडलेलं पिल्लू आहे. चोच लाल व्हायला वेळ लागतो. नर-मादी रंगाने सारखीच, पण चोच बघा. नराची चोच मादीच्या चोचीपेक्षा सुमारे ३६ टक्के लांब असते. पक्ष्यांच्या जगात इतका फरक फार थोड्या जातींत आढळतो. सात-आठ पक्ष्यांचा घोळका समोर असेल तर दुर्बिणीतून पाच मिनिटांत नर किती, माद्या किती हे मोजता येतं. घोटाळा होऊ शकतो तो कॉमन सिमिटारबिल या त्याच्या चुलतभावाशी. त्याची चोच काळी आणि विळ्यासारखी जास्तच वाकलेली असते, अंग सडपातळ असतं, आणि मुख्य म्हणजे तो एकटादुकटा किंवा जोडीने गुपचूप फिरतो. वुडहूपू आणि गुपचूप हे जमतच नाही.

नावात हूपू आहे, म्हणजे आपल्याकडच्या तुरेवाल्या हुदहुदाशी नातं आहेच. त्याहून जरा लांबचं नातं धनेशाशी. हे सगळे एकाच गणातले, आणि सगळेच झाडाच्या किंवा भिंतीच्या पोकळीत घरटं करणारे. जर्मनीत मेसेलच्या खाणीत या कुळाच्या फार जुन्या नातलगांचे जीवाश्म मिळाले आहेत, म्हणजे कधीकाळी हे युरोपातही होते. आज मात्र हे अख्खं कुळ फक्त आफ्रिकेत उरलंय. ग्रीन वुडहूपू सहाराच्या दक्षिणेला बऱ्याच ठिकाणी आढळतो: विरळ जंगल, बाभळीचं रान, नदीकाठची झाडी, मोठी झाडं असलेल्या जुन्या बागा. काँगोचं घनदाट जंगल आणि अगदी कोरडं वाळवंट तेवढं त्याला मानवत नाही.

त्याचं खाणं बघायचं असेल तर खोडाकडे बघा. हा पक्षी फांदीवर बसून वाट बघणाऱ्यांतला नाही. खोडाला चिकटून वर चढतो, फांदीच्या खालच्या बाजूने उलटा लोंबकळतो, शेपटीचा टेकू घेतो, आणि चोच भेगेत घालून ढवळत राहतो. मागच्या वर्षी एका नराला मी दहाबारा फुटांवरून पाहत होते. बाभळीचं एक सुटलेलं सालपट होतं, तळहाताएवढं. त्याने आधी चोचीचं टोक सालपटाच्या कडेखाली सरकवलं, मग मान तिरकी करून उचकटलं. साल खाली पडली. आत पांढरी अळी होती, ती त्याने लगेच गिळली नाही. फांदीवर डावी-उजवी घासली, दोनदा आपटली, हवेत किंचित उडवून चोचीत सरळ केली, आणि मग गिळली. चोच एवढी लांब असली की टोकाशी धरलेला घास घशापर्यंत न्यायला ही कसरत करावीच लागते. अळ्या, सुरवंट, कोळी, भुंगेरे, झुरळं, वाळवी हे त्याचं रोजचं जेवण. अधूनमधून लहानशी पाल. फळंही थोडीफार खातो.

चोचीतल्या त्या फरकाचा उलगडाही खाण्यातच आहे. लांब चोचीचा नर खोल भेगांत चोच खुपसून खातो, मादी सालीच्या वरवरच्या थरात टोचून आणि सालपटं सोलून खाते. वर्षभर एकाच झाडावर, एकाच घोळक्यात, एकमेकांपासून हातभर अंतरावर चरायचं म्हणजे घासावरून रोज कुरबुर व्हायची. चोचींनी आधीच वाटणी करून टाकली आहे. ही गोष्ट मला फार आवडते.

आता त्या ओरडण्याकडे येऊ. झुलू भाषेत या पक्ष्याला 'इन्हलेकबाफाझी' म्हणतात, म्हणजे हसणाऱ्या बायका. आफ्रिकान्समध्ये 'काकेलार', म्हणजे कलकलाट करणारा. दोन्ही नावं ऐकूनच ठेवलेली आहेत. सुरुवात नेहमी एकजण करतो, खर्जात, अडखळत, 'काक... काक-काक'. शेजारचा त्यात मिसळतो, मग तिसरा, आणि काही क्षणांत सगळे एकाच वेळी, आवाज चढत चढत जातो. कंबरेतून खाली वाकतात, शेपटी वर जाते, पुन्हा उठतात, पुन्हा वाकतात. संशोधक या सामूहिक ओरडण्याला 'रॅली' म्हणतात. मराठीत मी त्याला गजर म्हणते.

हा विणीचा नाच नव्हता. हा हद्दीचा गजर होता. प्रत्येक घोळक्याची स्वतःची हद्द असते आणि ती वर्षभर राखलेली असते. तुम्ही जिथे उभे होतात तिथेच कुठेतरी दोन घोळक्यांची शीव असणार. नीट कान दिलात तर पहिल्यांचा गजर संपल्यावर पलीकडच्या झाडांतून दुसऱ्यांचा उलट गजर ऐकू येतो. असं आळीपाळीने चालतं. कधी दोन-चार मिनिटांत आटपतं, कधी अर्धा तास रेंगाळतं. मारामारी अगदी क्वचित. समोर किती जण आहेत याचा अंदाज आवाजावरून घेतला जातो, आणि ज्यांचा घोळका मोठा त्यांचं पारडं सहसा जड असतं.

सालीचा तुकडा म्हणजे त्यांचा झेंडा. डेव्हिड आणि सॅन्ड्रा लिगन या अमेरिकन जोडप्याने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून नैवाशाच्याच परिसरात या पक्ष्यांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या लेखनात या वागण्याला झेंडा नाचवणं असंच नाव आहे. हद्दीवर वाद पेटला की एखादा पक्षी सालीचा किंवा दगडफुलासारख्या शेवाळाचा तुकडा उचकटतो, चोचीत धरून अंगासकट हलवतो, आणि मग आपल्याच घरातल्या दुसऱ्याला देतो. तो आणखी कोणाला तरी देतो. तुम्ही हे देणं पाहिलंत, हे खरंच भाग्य. माझ्याबरोबर येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तो क्षण दिसत नाही, कारण तोवर त्यांनी कॅमेऱ्याचा स्क्रीन बघायला मान खाली घातलेली असते.

या गजरात आणखी एक गंमत ऐकण्यासारखी आहे. लहानपणी नर आणि मादी पिल्लांचा आवाज सारखाच असतो. वाढताना नराचा आवाज फुटतो, आपल्याकडे मुलांचा फुटतो तसा, आणि जाडसर होतो. मादीचा उंच पट्टीतच राहतो. दक्षिण आफ्रिकेत या पक्ष्यांचा अभ्यास करणारे संशोधक अँडी रॅडफर्ड यांनी हे २००४ साली नोंदवलं. एकदा कान तयार झाला की डोळे मिटूनही एका घोळक्यातले जाड आणि बारीक गळे वेगळे काढता येतात.

आता ढोलीबद्दल, कारण बाकी सगळ्याची गाठ इथे आहे.

वुडहूपू ढोलीशिवाय रात्र काढत नाही. विणीच्या दिवसांत नाही, तर वर्षाच्या प्रत्येक रात्री. आणि त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. चोच लांब आहे पण नाजूक, सुताराच्या छिन्नीसारखी नाही. त्यामुळे सुतार पक्ष्यांनी किंवा आपल्या तांबटाच्या तिथल्या नातलगांनी कोरून सोडलेली भोकं, नाहीतर फांदी मोडून कुजून तयार झालेली पोकळी, यांच्यावर त्याला अवलंबून राहावं लागतं. त्याच भोकांवर मैना, मधमाश्या, खारी यांचाही डोळा असतो. आता नैवाशाचा विचार करा. सरोवर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही पाचेकशे मीटर वर. विषुववृत्ताजवळ असूनही तिथली पहाट हाडं गोठवते, तुम्ही स्वेटर घालूनच चहा घेतला असेल. ६०-८० ग्रॅमचा पक्षी त्या थंडीत उघड्यावर बसला तर अंगातली किती ऊब जाईल? ढोलीत पाच-सहा जण अंगाला अंग लावून झोपले की प्रत्येकाची ऊर्जा वाचते. मॉर्ने डु प्लेसी आणि जोसेफ विल्यम्स या संशोधकांनी १९९४ साली हे मोजून दाखवलं.

संध्याकाळची शाळा सुटल्यासारखी ती वेळ एकदा बघाच. सूर्य डोंगराला टेकला की घोळका ढोलीच्या झाडाजवळ येतो. गजर होतो, पण छोटा. एकमेकांची पिसं साफ करतात. मग एकजण भोकाच्या तोंडाशी येतो, आत डोकं घालतो, बाहेर काढतो, पुन्हा घालतो. हे तीन-चारदा. आणि अचानक आत सरकतो. शेवटी तेवढी शेपटी बाहेर राहते, तीही आत ओढली जाते. मागोमाग दुसरा. एकदा मी सात पक्षी एका मनगटाएवढ्या भोकातून आत जाताना मोजले. शेवटचा जाईपर्यंत आतून कुरकुर ऐकू येत होती, गच्च भरलेल्या एसटीत मागून आणखी एक चढावा तशी. दोन मिनिटांत सगळं शांत. झाडाकडे बघून आत कोणी आहे असं वाटणारही नाही.

पण हीच ढोली त्यांचा सापळाही ठरते. जेनेट म्हणून तिथे एक जवादी मांजराच्या जातीचा प्राणी आहे, तो रात्री झाडावर चढून भोकात पंजा घालतो. आत अडकलेल्यांना पळायला वाट एकच, आणि तीच अडवलेली. एका रात्रीत घरातले निम्मे जण गेलेले मी पाहिले आहेत. सकाळी झाडाखाली हिरवी पिसं पडलेली होती आणि उरलेले तिघे शेजारच्या झाडावर बसून गजर करत होते. गजर तोकडा झाला होता, ते ऐकतानाच कळत होतं.

वाचणाऱ्यांना कळलं असेल की आता वासाचा विषय आला. ड्रायव्हर खरं बोलला. शेपटीच्या मुळाशी पक्ष्यांना तेलाची ग्रंथी असते, पिसांना तेल लावायला. वुडहूपूच्या त्या तेलाला कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. भोकात कोणी डोकावलं की तो तोंडाने हल्ला करत नाही. पाठ फिरवतो, शेपटी वर करतो आणि तो वास सोडतो. पिल्लं तर वर पातळ विष्ठेची पिचकारीही मारतात. एकदा एका पिल्लांच्या ढोलीखाली मी फार वेळ उभी राहिले, तर वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो वास नाकात शिरला आणि दुपारच्या जेवणापर्यंत गेला नाही. ज्या पक्ष्याला पळायला दुसरं दार नाही, त्याचा हाच बचाव.

या वासामागे जिवाणू आहेत. २००३ साली याच पक्ष्याच्या तेलग्रंथीतून एका नव्या जिवाणूची नोंद झाली. त्याचं नावच एंटरोकॉकस फीनिक्युलिकोला असं ठेवलं, म्हणजे वुडहूपूत राहणारा. या तेलातले काही घटक पिसं खराब करणाऱ्या जिवाणूंना रोखतात असंही प्रयोगशाळेत दिसून आलं. आपल्याकडे ज्यांनी हुदहुदाचं घरटं जवळून पाहिलंय त्यांना हे नवं वाटणार नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या हुदहुदाच्या घरट्याला जो वास येतो, तो बसलेल्या मादीचा आणि पिल्लांचा, त्याच ग्रंथीतला. कुळाची रीत आहे ती.

आता आईबाप कोणते? घोळक्यात दोन ते सोळापर्यंत पक्षी असू शकतात, बहुतेक ठिकाणी चार ते सहा. त्यात वीण करणारी जोडी एकच. मादी दोन ते चार निळसर-हिरवी अंडी घालते आणि साधारण अठरा दिवस एकटीच उबवते. तिला खाऊ आणायचं काम नराचं आणि बाकी घरच्यांचं. मादी धनेश भोकाचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, तसं ही करत नाही. ती मधूनमधून बाहेर येते, पंख ताणते, खाऊ घेते आणि परत आत जाते. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस सगळे घास तिच्याकडे द्यायचे आणि तिने ते वाटायचे. पिल्लं चार आठवडे ढोलीत असतात, आणि मोठी झाली की घरातला प्रत्येकजण थेट त्यांना भरवतो. तुम्हाला दिसलेले चारही जण भरवत होते, पण त्यातले आईबाप बहुधा दोनच. बाकीचे म्हणजे मोठी भावंडं, कधी काका-मावशी, आणि कधी रक्ताचं काहीच नातं नसलेला बाहेरून येऊन मिसळलेला एखादा.

भरवायला त्यांच्यात चढाओढ लागते. मी एका तरण्या नराला पाहिलं, त्याने बहिणीच्या चोचीतला सुरवंट हिसकावला, आणि स्वतः न खाता ढोलीशी जाऊन पिल्लाच्या तोंडात घातला. बहीण रिकाम्या चोचीने बघत राहिली.

असं का, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही सांगायला हवीत. लिगन जोडप्याने १९७८ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं की हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. आज मी ज्याला भरवतो, ते पिल्लू उद्या मोठं झालं की माझ्या बरोबर नवी हद्द शोधायला येईल, किंवा माझी वीण होईल तेव्हा माझ्या पिल्लांना भरवेल. नात्याचं नसलेलं पिल्लूही जीव तोडून भरवलं जातं हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांना नुसत्या रक्ताच्या नात्याचं उत्तर पुरेसं वाटलं नाही. मॉर्ने डु प्लेसी यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात काम केलं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते ढोलीवर. बाहेर पडणाऱ्या तरुण पक्ष्याला पहिल्याच रात्री झोपायला ढोली हवी. ती मिळत नाही, म्हणून तो घरीच थांबतो. घरी थांबला की मग भरवणं ओघाने आलंच. इतकी वर्षं बघून माझा कल डु प्लेसींकडे झुकतो. आपल्याकडे शहरात घरभाडं परवडत नाही म्हणून लग्न झालेला मुलगा आईवडिलांच्या दोन खोल्यांत राहतो, आणि मग धाकट्या भावंडांचा अभ्यासही तोच घेतो. पण लिगन यांनी पाहिलेली ती चढाओढ मीही पाहिली आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला मोडीत काढवत नाही.

मराठी वाचकांना हे सगळं ऐकून सातभाई आठवले असतील, आणि ते बरोबर आहे. तोच गोतावळा, तोच कलकलाट, एका जोडीच्या पिल्लांना सगळ्यांनी भरवणं. पण सातभाई रात्री फांदीवर एका ओळीत चिकटून बसतात, त्यांना ढोली लागत नाही. पावशा जसा सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, तसे वुडहूपूच्या ढोलीत हनीगाइड जातीचे पक्षी अंडं घालतात. हनीगाइडच्या पिल्लाच्या चोचीच्या टोकाला जन्मतःच तीक्ष्ण आकडे असतात. डोळेही न उघडलेलं ते पिल्लू अंधारात यजमानाची पिल्लं चावून मारतं. नंतर वुडहूपूचं अख्खं घर त्यालाच वाढवतं. निसर्गाला आपली नीती लावू नये हे मला माहीत आहे, पण ते बघून पोटात तुटतंच.

रॅडफर्ड यांच्या कामातला एक भाग मी प्रत्येक गटाला सांगते, कारण तो तुम्ही स्वतः उभं राहून तपासू शकता. २००८ साली त्यांनी दाखवलं की हद्दीवरचा वाद संपला की घोळक्यातले पक्षी एकमेकांची पिसं जास्त साफ करतात, आणि त्यातही वरचढ जोडी खालच्यांची. वाद लांबला किंवा घोळका त्यात हरला असेल तर आणखीच. म्हणजे ज्यांच्या जिवावर हद्द राखायची त्यांना जवळ धरणं आलं. पुढे २०१४ साली टिम फॉसेट यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: सकाळी ज्या बाजूला वाद झाला, त्या संध्याकाळी घोळका त्याच शिवेजवळच्या ढोलीत झोपायला जाण्याचा संभव वाढतो. सकाळचं भांडण संध्याकाळपर्यंत लक्षात असतं, आणि भांडण कशासाठी होतं तेही त्यावरून दिसतं. झाडांवर अळ्या पुष्कळ आहेत. कमी आहेत त्या ढोली.

पक्षी म्हणून याला आज धोका नाही, जागतिक यादीत तो सुरक्षित वर्गात आहे. पण एखाद्या आवारातून तो नाहीसा होणं फार सोपं आहे. एका लॉजवर मी वर्षानुवर्षं गट नेत होते. तिथे झाडांची 'साफसफाई' झाली. वाळलेल्या फांद्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडतील म्हणून जुनी वठलेली झाडं कापली आणि फुलझाडं लावली. हिरवळ सुंदर दिसायला लागली. पुढच्या फेरीला गेले तर पहाटे गजर नाही. व्यवस्थापकांना मी विचारलं, तर ते म्हणाले, झाडं तर आहेतच की अजून. होती, पण सगळी धडधाकट, एकातही भोक नव्हतं. नंतर त्यांना समजावून दोन वठलेले बुंधे, पाऊलवाटेपासून लांबचे, तसेच ठेवायला लावले. त्यातल्या एकात सुताराने भोक पाडलंय. वुडहूपू अजून आलेले नाहीत. मी जाते तेव्हा बघते.

सरोवराचं पाणी अलीकडच्या वर्षांत चढलं, त्यात काठावरची ती पिवळी झाडं पाण्यात उभी राहून वाळली. सध्या त्या वाळक्या खोडांत ढोली भरपूर आहेत, पण ती खोडं एकेक करून कोसळत आहेत. तुमच्या फोटोतलं डावीकडचं वाकलेलं झाड माझ्या ओळखीचं आहे, ते मागच्या पावसानंतर पडलं.

पुढच्या वेळी जाल तर मोबाइलवर याचा आवाज वाजवू नका, कोणी गाइड वाजवायला लागला तर थांबवा. त्यांच्या लेखी तो शेजारच्या घोळक्याने हद्दीत शिरून दिलेला गजर असतो. पिल्लांना भरवायचं सोडून सगळे तिकडे धावतात, आणि समोर कोणी नसल्याने ते संपतही नाही. ढोलीत टॉर्च मारणं आणि बुंधा ठोकून बघणं हेही नको. त्यापेक्षा दुपारी चारच्या सुमाराला गजर कुठून येतो ते ऐकून ठेवा, त्या दिशेची वठलेली झाडं हेरा, आणि साडेपाचला तिथून तीस-चाळीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन, खाली बसा. उभं राहू नका, बसा. साडेसहाच्या आत ते येतील. भोकाच्या तोंडाशी पहिला कोण डोकावतो आणि शेवटचा कोण आत शिरतो ते चोचीच्या लांबीवरून लिहून ठेवा, आणि मला कळवा. माझ्या वहीत अशा २१२ संध्याकाळी आहेत, त्यात तुमची एक वाढेल.